वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे: मेंढ्या हाताळण्याची कष्ट वाचवणारी साधने

पावसाळ्याच्या तोंडावर जंतनाशक, लसीकरण आणि खुरांची कामे एकदम येतात. नागपूर जिल्ह्यातील मेंढीपालकांनी याच कामांबद्दल विचारलेल्या प्रश्नांना पशुवैद्यक आणि साधने बनवणारे कारागीर यांनी मिळून दिलेली ही उत्तरे आहेत. मापे दख्खनी किंवा तिच्याशी मिळत्याजुळत्या गावरान मेंढीसाठी, म्हणजे प्रौढ मादी साधारण २५ ते ३५ किलोची, असे धरून दिली आहेत. तुमची जनावरे मोठ्या अंगाची असतील तर गल्लीची रुंदी तेवढी वाढवावी लागेल.

प्रश्न : आमच्याकडं लहानमोठ्या मिळून १२० मेंढ्या आहेत. जंताचं औषध पाजायचं तर चार माणसं आणि अख्खा दिवस जातो. एक पकडतो, एक धरतो, एक पाजतो, एक पळालेल्या आणतो. आता मजूर भेटत नाहीत. थोड्या पैशांत पहिली कोणती वस्तू घ्यावी?
– एक मेंढीपालक, ता. काटोल

उत्तर : पहिले पैसे लोखंडी पॅनेलांवर, म्हणजे एकमेकांना जोडता येणाऱ्या सुट्या चौकटींवर घाला. तुमचा वेळ औषध पाजण्यात जात नाही, पकडण्यात जातो. मेंढी समोर उभी असेल तर पाजायला काही सेकंद लागतात. तिला कळपातून धरून ओढत आणण्यात माणूस दमतो आणि मेंढीही. लोकर धरून ओढलेल्या मेंढीच्या कातडीखाली रक्त साकळते. बाजारात विकताना ते दिसत नाही, पण कापल्यावर खाटकाला दिसते. पकडणेच संपवायचे असेल तर मेंढ्यांनी एका रांगेत तुमच्यासमोर येऊन उभे राहिले पाहिजे, आणि त्यासाठी तीन भाग लागतात: गोळा करायचे वाडगे, नरसाळ्यासारखा निमुळता भाग आणि एकेरी गल्ली.

एक पॅनेल १.८ मीटर लांब आणि ९० सेंमी उंच ठेवा. बाहेरची चौकट २५ × २५ मिमी चौकोनी पाईपची, १.६ मिमी जाडीची. तिला ५.४ मीटर पाईप लागतो, म्हणजे बाजारातल्या ६ मीटरच्या एका लांबीत एक चौकट होते. आत १६ मिमी गोल पाईपचे चार आडवे दांडे आणि मधोमध २५ × ५ मिमीची एक उभी पट्टी. दांड्यांमधली अंतरे सारखी ठेवू नका. खालून वर ११, १२, १५, १९ आणि साधारण २१ सेंमी अशी ठेवा. खालच्या फटी मोठ्या राहिल्या तर कोकरू डोके घालते आणि अडकते. वरच्या फटी मोठ्या असल्या तर वजन वाचते आणि हात आत घालायला जागा मिळते. असे एक पॅनेल सुमारे साडेदहा किलोचे होते आणि एकट्या माणसाला उचलता येते. याहून जाड पाईप घेण्याचा मोह होईल, वेल्डरही तेच सुचवेल. पण १८ किलोचे पॅनेल दोन माणसांना हलवावे लागते आणि मग ते कोठ्याच्या मागे पडून राहते.

जोडणीसाठी प्रत्येक बाजूला दोन कड्या, आतला व्यास १६ मिमी. डाव्या बाजूच्या कड्या जमिनीपासून १५ आणि ७० सेंमीवर, उजव्या बाजूच्या १८ आणि ७३ सेंमीवर. म्हणजे शेजारच्या पॅनेलच्या कड्या एकमेकींवर बसतात आणि त्यांतून १२ मिमीची, ११० सेंमी लांब टोकदार सळई वरून सोडता येते. सळईचे टोक जमिनीत घुसते, वेगळा खुंट लागत नाही. पॅनेल उलटे धरले की डावी कडी डावीसमोर येते आणि जोड बसत नाही. उभारताना सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. म्हणून प्रत्येक पॅनेलच्या एकाच तोंडाला रंगाचा पट्टा मारून ठेवा आणि तो नेहमी बाहेरच्या बाजूला येऊ द्या.

आता मांडणी. गल्लीसाठी दोन्ही बाजूंना चार-चार पॅनेले, म्हणजे ७.२ मीटर लांबी, आतली रुंदी ४० सेंमी. नरसाळ्याची एक बाजू गल्लीच्या सरळ रेषेत दोन पॅनेलांची. दुसरी बाजूही दोन पॅनेलांची, पण तिरपी. मागचे तोंड बरोबर एका पॅनेलाएवढे उघडे राहील इतकीच ती तिरपी करा. म्हणजे तेरावे पॅनेल तिथे फाटक म्हणून बसते. हा कोन साधारण २२ अंशांचा येतो आणि आत १२ मेंढ्या मावतात, गल्लीतही तेवढ्याच मावतात. दोन्ही बाजू तिरप्या केल्या तर दोन मेंढ्या तोंडाशी एकदम पोचतात, खांद्याला खांदा अडकतो आणि मागची रांग थांबते. एक बाजू सरळच हवी.

गोळा करायच्या वाडग्यासाठी लोखंड घालू नका. दर मेंढीमागे ०.४ चौरस मीटर धरले तर १२० मेंढ्यांना ४८ चौरस मीटर, म्हणजे ८ × ६ मीटर जागा लागते. कोठ्याची भिंत, धुऱ्यावरचे काटेरी कुंपण आणि रात्री लावता ती वाघर (जाळी) यांवर ते भागते. तेरा पॅनेलांचे लोखंड एकूण १४० किलोच्या आत बसते. नागपुरातल्या इतवारीच्या लोहाओळीत, म्हणजे लोखंडाच्या बाजारात, त्या दिवसाचा भाव विचारा, त्यात वेल्डिंग आणि रेडऑक्साइड धरा, की तुमचा खर्च कळेल. तयार परदेशी पद्धतीचा संच घेण्याआधी हा हिशेब जरूर करून पाहा.

काम दोन माणसांचे. एक जण १२ मेंढ्या नरसाळ्यात घेऊन फाटक लावतो आणि गल्लीत सरकवतो. शेवटच्या मेंढीमागे जमिनीपासून ४५ ते ५० सेंमी उंचीवर, दोन्ही बाजूंच्या फटींतून एक आडवा पाईप घालतो, म्हणजे ती मागे येत नाही. दुसरा जण गल्लीच्या बाहेर उभा राहून पुढच्या मेंढीपासून मागे मागे येत पाजत जातो. पाजलेल्या प्रत्येकीच्या कपाळावर गेरूचा पट्टा ओढायचा. अशा दहा खेपांत कळप संपतो. कोकरे ४० सेंमीच्या गल्लीत वळून उभी राहतात, त्यांची खेप वेगळी करा आणि एका बाजूला फळी बांधून रुंदी २८ ते ३० सेंमी करा. शेवटच्या महिन्यातल्या गाभण मेंढ्यांसाठी उलट, ४५ सेंमी ठेवा आणि एका खेपेला आठच घ्या.

प्रश्न : बांबूच्या ताट्यांनी गल्ली केली आहे. मेंढ्या नरसाळ्यापर्यंत येतात आणि तोंडाशी ठाम उभ्या राहतात. मागून कितीही हाकललं, शिट्ट्या मारल्या, कुत्रं सोडलं तरी पुढं जात नाहीत. गल्लीत काय चुकलं?
– एक वाचक, ता. कळमेश्वर

उत्तर : मेंढीच्या डोळ्यांनी गल्ली पाहिली की चूक सापडते. गल्लीच्या तोंडाशी तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे ६०-६५ सेंमीवर, वाकून पुढे बघा. तिचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने तिला जवळजवळ सगळीकडचे दिसते, फक्त शेपटीमागचा थोडा भाग दिसत नाही. पण समोरच्या वस्तूची खोली तिला पटकन कळत नाही. जमिनीवर पडलेली दांड्याची सावली, पाण्याचे डबके, नाली, पडलेला दोर, हे सगळे तिला खड्ड्यासारखे दिसते.

पहिली तपासणी उजेडाची. मेंढी अंधारातून उजेडाकडे जाते, उजेडातून अंधाऱ्या कोठ्यात शिरत नाही. गल्लीचे पुढचे टोक कोठ्यात असेल तर दिशा उलटी करा. दुसरी तपासणी सूर्याची. आपल्याकडे उन्हाळ्यात ही कामे सकाळी सहा ते नऊमध्येच उरकावी लागतात आणि त्या वेळी सूर्य पूर्वेला खाली असतो. गल्ली पूर्वेकडे जात असेल तर मेंढीच्या डोळ्यांवर थेट ऊन येते आणि ती थांबते. गल्ली दक्षिणोत्तर करा किंवा पश्चिमेकडे जाऊ द्या.

तिसरी गोष्ट बाजूंची. नरसाळ्याच्या दोन्ही बाजू आणि गल्लीच्या बाजूंचा खालचा भाग बंद हवा, म्हणजे बाहेर उभी माणसे आणि आधीच सुटलेल्या मेंढ्या फटींतून दिसत नाहीत. बाहेरच्या मेंढ्या दिसल्या की आतली तिकडेच तोंड लावून उभी राहते. याउलट गल्लीचे पुढचे फाटक मात्र आरपार दिसणारे ठेवा, त्यातून पुढचे मोकळे वावर आणि शक्य असेल तर दोन-चार मेंढ्या दिसल्या पाहिजेत. बाजू झाकायला हिरवी शेडनेट चालते. खाणीत किंवा वीजकेंद्रात वापरलेला कन्व्हेयर पट्टा भंगारात मिळाला तर त्याहून उत्तम, तो वर्षानुवर्षे टिकतो आणि वाजत नाही. जुने फ्लेक्स बॅनर बरेच जण लावतात. ते वाऱ्याने फडफडतात आणि मेंढ्या बुजतात. लावायचेच असतील तर चारही कडा ताणून बांधा.

शिट्ट्या आणि कुत्रे बंद करा. नरसाळ्यात दाटलेल्या मेंढीला मागून आवाज आला की ती आवाजाकडे तोंड करते, म्हणजे गल्लीकडे पाठ. हाकणाऱ्याने खांद्याचा नियम पाळावा: तुम्ही तिच्या खांद्याच्या पुढे उभे असाल तर ती मागे सरते, खांद्याच्या मागे असाल तर पुढे. म्हणून गल्लीच्या बाहेरून, पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे चालत या. तुम्ही एकेकीच्या खांद्यावरून मागे जाता तसतशी ती पुढे पाऊल टाकते. बाहेरून पाहणाऱ्याला हे उलटे वाटते, पण हात न लावता पूर्ण रांग सरकते.

नव्या गल्लीतून पहिल्या दोन-तीन वेळा काहीही न करता, फक्त पुढे थोडा ढेप-भरडा ठेवून कळप जाऊ द्या. पहिल्याच दिवशी सुई टोचली तर ती जागा मेंढी बराच काळ विसरत नाही.

प्रश्न : औषध पाजायची डोसिंग गन घेतली आहे. औषध पाजूनही पावसाळ्यात मेंढ्यांच्या जबड्याखाली सूज येते, डोळे पांढरे पडतात. औषध खोटं असेल का?
– एक वाचक, ता. नरखेड

उत्तर : जबड्याखालची सूज आणि पांढरे डोळे ही पोटात रक्त पिणाऱ्या जंतांची नेहमीची खूण आहे. औषधावर संशय घेण्याआधी गन आणि वजन या दोन गोष्टी तपासा, कारण बहुतेक वेळा मात्राच कमी पडलेली असते.

गन १० मिलीवर लावा आणि मोजपात्रात दहा वेळा दाबा. १०० मिली भरले पाहिजे. ९० भरले तर प्रत्येक मेंढीला दहा टक्के कमी औषध गेले. कारणे तीनच असतात: दट्ट्याचे रबरी वायसर झिजलेले, नळीत हवा, किंवा झडपेत गाळ. वायसर बदला आणि त्याला एरंडेलाचा एक थेंब लावा. गाडीचे ऑइल किंवा ग्रीस लावले की रबर फुगते आणि दट्ट्या अडकतो. काम झाल्यावर कोमट पाण्याने गन आणि नळी धुवा. अल्बेंडाझोलसारखे औषध पाण्यात विरघळलेले नसते, त्याचे कण तरंगत असतात आणि तळाशी बसतात. पाठीवरची पिशवी दर १५-२० मेंढ्यांनंतर हलवली नाही तर पहिल्या मेंढ्यांना घट्ट आणि शेवटच्यांना पातळ औषध जाते, किंवा उलट.

आता मात्रा. २.५ टक्के अल्बेंडाझोलमध्ये दर मिलीला २५ मिलिग्रॅम औषध असते. किलोला ७.५ मिलिग्रॅम या मात्रेने ३० किलोच्या मेंढीला २२५ मिलिग्रॅम, म्हणजे ९ मिली लागते. तुमच्या बाटलीची तीव्रता वेगळी असू शकते, म्हणून लेबल वाचून आणि तुमच्या पशुवैद्यकांना विचारून हिशेब करा. गटाच्या सरासरी वजनावर मात्रा ठरवू नका, गटातल्या सगळ्यात जड मेंढीवर ठरवा. कोकरांचा गट वेगळा करा, त्याची मात्रा वेगळी. मेंढ्यांवर नर सोडला असेल त्या काळात आणि नर काढल्यानंतर एक महिना अल्बेंडाझोल देऊ नका, पोटातल्या गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो.

पाजताना डोके जमिनीला समांतर ठेवा. नळीचे टोक ओठाच्या कोपऱ्यातून, दात नसलेल्या जागेतून आत सारा आणि जिभेच्या मागच्या भागावर सोडा. तोंड आकाशाकडे केले की औषध श्वासनलिकेत जाते आणि दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया होतो. घाईने नळी घशात खुपसली तर घसा फाटतो. अशी मेंढी चारा सोडते, मानेला सूज येते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

गन बरोबर, वजन बरोबर आणि तरीही फरक नाही, तर औषध दिल्यानंतर १० ते १४ दिवसांनी आठ-दहा मेंढ्यांची ताजी लेंडी वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन तपासून घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारणा करा. अंडी तितकीच सापडली तर जंत त्या औषधाला दाद देत नाहीत. मग दुसऱ्या गटातले औषध पशुवैद्यकच ठरवतील.

प्रश्न : पावसाळ्यात काळ्या मातीत खुरांत चिखल भरतो, निम्म्या मेंढ्या लंगडतात. एकेकीचे पाय धुणं शक्य नाही. लोखंडी टाकीत मोरचूदाचं पाणी करून त्यातून चालवलं तर चालेल का?
– एक वाचक, ता. उमरेड

उत्तर : पायस्नान करा, पण मोरचूदाने नको आणि लोखंडी टाकीत तर नकोच. मोरचूद म्हणजे तांब्याचे संयुग, आणि मेंढी तांब्याला फार नाजूक आहे. तांबे यकृतात साठत जाते आणि एके दिवशी अचानक रक्तपेशी फुटतात: लघवी लालसर-काळी, डोळे पिवळे आणि एक-दोन दिवसांत मृत्यू. टाकीतले पाणी चाटले किंवा सांडलेल्या पाण्यावरचे गवत खाल्ले तरी तांबे पोटात जाते. दुसरे असे की मोरचूद लोखंडी टाकीत टाकले की तांबे लोखंडावर जाऊन बसते, टाकी सडते आणि द्रावण निकामी होते.

झिंक सल्फेट वापरा, १० टक्के. सिमेंटची किंवा जाड प्लास्टिकची ३ मीटर लांब, ४० सेंमी रुंद, १५ सेंमी खोल टाकी गल्लीतच बसवा. पाणी ६ सेंमी भरले की सुमारे ७० लिटर होते, त्यात ७ किलो झिंक सल्फेट. कोमट पाण्यात ते लवकर विरघळते. तळ खडबडीत ठेवा, नाहीतर पहिली मेंढी घसरते आणि मागच्या सगळ्या थांबतात.

क्रम असा. आधी मेंढ्यांना पोटभर पाणी पाजा, तहानलेली मेंढी टाकीत तोंड घालते आणि झिंकही जास्त प्रमाणात विषारीच आहे. मग साध्या पाण्याच्या तशाच टाकीतून काढा, चिखल तिथेच सुटतो. चिखलासह औषधी टाकीत उतरवल्या तर द्रावण खुरांच्या फटीत पोचतच नाही आणि अर्ध्या कळपातच गढूळ होते. त्यानंतर औषधी टाकीत. ज्यांना फक्त प्रतिबंध म्हणून करायचे त्या चालत जातील. लंगडणाऱ्यांना टाकीची दोन्ही टोके बंद करून १० ते १५ मिनिटे उभे ठेवा. बाहेर आल्यावर निदान अर्धा तास कोरड्या, टणक जागेवर थांबवा. लगेच चिखलात सोडल्या तर सगळी मेहनत वाया जाते, आणि आपल्या भागात नेमके हेच होते. टाकीच्या पुढे १५ सेंमी जाडीचा मुरूम ठोकून, उतार देऊन, कळप मावेल एवढा ओटा करून घ्या. उमरेड-भिवापूरच्या जमिनीत मुरमाचा ओटा हाच या कामातला सगळ्यात मोलाचा भाग आहे, टाकी त्यानंतर.

फॉर्मालिन स्वस्त पडते म्हणून बरेच जण घेतात. ते ३ टक्क्यांपेक्षा, म्हणजे ९७ लिटर पाण्यात ३ लिटरपेक्षा जास्त कधीच करू नका. ते फक्त उघड्यावर वापरा, कोठ्यात वाफ डोळ्यांना आणि छातीला लागते. जखम उघडी असलेल्या पायांना ते जबर झोंबते. वापरलेले कोणतेही द्रावण नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

लंगडण्याबरोबर तोंडात फोड, लाळ किंवा ताप असेल तर पायस्नानाच्या नादी लागू नका, ती लाळ्या-खुरकूत असू शकते. त्या दिवशी कळप हलवायचा नाही, आधी पशुवैद्यकांना बोलवायचे. आणि पायकुजीत, म्हणजे खूर सडण्याच्या रोगात, खूर रक्त येईपर्यंत तासू नका. त्याने बरे होणे लांबते, अशा मेंढीला पशुवैद्यकांकडून प्रतिजैविकाचे इंजेक्शन मिळाले तर लवकर गुण येतो.

प्रश्न : वाढलेली खुरं कापताना वाकून वाकून कंबर जाते. मेंढी उलटवणारा पिंजरा घ्यावा का?
– एक मेंढीपालक, ता. हिंगणा

उत्तर : दोनशेच्या आत मेंढ्या असतील तर पिंजरा नको, झोळीची खुर्ची पुरते. २५ मिमी गोल पाईपचे १०० सेंमी लांब दोन दांडे घ्या, वर आणि खाली ५० सेंमीचे आडवे पाईप जोडा. मध्ये नायलॉनची निवार किंवा जाड जाळी इतकी सैल बांधा की खालच्या बाजूला २५ सेंमी झोळ पडेल. वर दोन आकडे लावून ती पॅनेलच्या वरच्या दांड्याला अडकवा, खालचे टोक पॅनेलपासून अर्धा मीटर दूर येईल. याहून उभी ठेवली तर मेंढी खाली घसरते, जास्त आडवी ठेवली तर पाय झाडून उलटते.

बसवताना तिच्या डाव्या बाजूला उभे राहा. डाव्या हाताने जबड्याखाली धरून तोंड तिच्याच उजव्या खांद्याकडे वळवा, उजवा हात मागच्या मांडीवर ठेवा आणि एक पाऊल मागे घ्या. मान वळली की मागचा भाग आपोआप खाली बसतो, उचलावे लागत नाही. ढुंगणावर बसलेली, पाय जमिनीला न टेकलेली मेंढी झटापट करत नाही.

तीन बंधने मात्र कटाक्षाने पाळा. काम सकाळी, चरायला सोडण्याआधी करा. भरलेले पोट छातीवर दाबले जाते आणि मेंढीला धाप लागते. पाच मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका. आणि शेवटच्या महिन्या-दीड महिन्यातल्या गाभण मेंढीला बसवूच नका, तिची खुरे गल्लीत उभी असतानाच मागून एकेक पाय उचलून कापा.

प्रश्न : वजन करायला दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. एकच मेंढी दोनदा चढवली तर दोन किलोचा फरक येतो. काटा परत करावा का?
– एक वाचक, ता. सावनेर

उत्तर : परत करण्याआधी पिंजरा गल्लीला कुठे टेकतो आहे का ते बघा. काट्यावर ठेवलेला पिंजरा आणि गल्लीची पॅनेले यांच्यात चारही बाजूंनी निदान २ सेंमी फट हवी. एक कोपरा जरी टेकला तरी वजनाचा काही भाग पॅनेलावर जातो. दुसरे कारण जमीन. काट्याचे चारही पाय सपाट फरशीवर हवेत, आणि खाली लेंडी किंवा खडे साचू देऊ नका.

पिंजरा ९० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद, ८५ सेंमी उंच पुरतो. फाटके वर सरकणारी करा, उघडणाऱ्या फाटकाला पुढेमागे जागा लागते आणि ते मेंढीच्या तोंडावर आपटते. बाजू बंद असतील तर मेंढी लवकर स्थिर होते. काट्याला आकडा धरून ठेवण्याची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर तीन आकडे पाहून मधला लिहा. रोज एकाच वेळी, चरण्याआधी वजन करा. तीस किलोच्या मेंढीच्या पोटातला चारा-पाणीच दोन-तीन किलोंचा फरक पाडतो, आणि तुम्ही ती वाढ समजून बसता. वजनावर विक्री करणार असाल तर काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो.

प्रश्न : लांब काठीची पायाला अडकवायची आकडी स्वस्त आहे. गल्ली न बांधता तेवढ्यावर भागेल का?
– एक वाचक, ता. कुही

उत्तर : एखादी लंगडी मेंढी वावरात पकडायला भागेल, पूर्ण कळपाला नाही. आकडीचे तोंड आत निमुळते होत २ ते अडीच सेंमी राहिले पाहिजे, म्हणजे मागच्या पायाची नळी अडकते पण खूर सुटत नाही. अडकल्यावर झटका देऊ नका आणि उचलू नका. काठी जमिनीलगत ठेवून हातावर हात टाकत जवळ जा. पळत्या मेंढीला टाकलेली आकडी पाय मोडते.

प्रश्न : कातरणीचं विजेचं यंत्र ६० मेंढ्यांसाठी परवडेल का?
– एक वाचक, ता. रामटेक

उत्तर : एकट्याला नाही. चार-पाच कळपवाल्यांनी मिळून घ्या. यंत्रापेक्षा पात्यांना धार लावणे हा कायमचा खर्च आहे. धुळीने भरलेल्या लोकरीत धार लवकर जाते, म्हणून कातरणीआधी कळप पाण्यातून काढून पूर्ण वाळू द्या. ओली लोकर कातरू नका. दर मेंढीमागे पात्यांवर तेलाचे दोन-तीन थेंब सोडा. पाते हाताला चटका देण्याइतके तापले तर थांबा. ताण जास्त आवळला आहे किंवा तेल संपले आहे.

प्रश्न : पिकअपमध्ये मेंढ्या चढवताना दोघे ओढतात, दोघे ढकलतात. दोनदा पाय मोडले. लाकडी फळीवरून चढत नाहीत. उतार कसा करावा?
– एक मेंढीपालक, ता. मौदा

उत्तर : फळी आखूड आहे आणि तिला बाजू नाहीत, म्हणून चढत नाहीत. चढ २० अंशांपेक्षा जास्त नको. गाडीची पाटी जमिनीपासून ७५ सेंमी उंच असेल तर उतार २.२ मीटर लांब हवा. आधी तुमच्या गाडीची उंची मोजा, त्याला तीनने गुणा, साधारण तेवढी लांबी ठेवा. रुंदी गल्लीएवढीच, म्हणजे ४०-४५ सेंमी. रुंद केलात तर मधेच वळतात. दोन्ही बाजूंना ९० सेंमी उंच, बंद बाजू.

तळाला २५ मिमी उंचीच्या आडव्या पट्ट्या २० सेंमी अंतरावर मारा. नक्षीचा लोखंडी पत्रा कोरडा असताना ठीक, पण लेंडी-मूत पडले की घसरतो, त्यावर पट्ट्या लागतातच. पाय मोडतात ते बहुधा उताराचे टोक आणि गाडीची पाटी यांच्या फटीत. टोकाला बिजागरीवर १५ सेंमी रुंद पत्र्याची जीभ लावा, ती पाटीवर पडली की फट बंद होते. उतारावर गवत किंवा गाडीत असलेलेच तणस पसरा, म्हणजे पोकळ आवाज येत नाही आणि रंग एकसारखा दिसतो.

उतार गल्लीच्या पुढच्या टोकाला जोडा आणि गाडीच्या आत आधी एक शांत, माणसाळलेली मेंढी बांधून ठेवा. बाकीच्या तिच्याकडे जातात. कान, लोकर, शेपटी धरून ओढू नका. मेमध्ये भरणी पहाटेच करा आणि गाडी भरल्यावर उभी ठेवू नका. दाटीने उभ्या असलेल्या मेंढ्यांना चालत्या गाडीतच वारा लागतो, थांबलेल्या गाडीत खालच्या बाजूला हवा हलत नाही आणि ज्या बसतात त्या उठत नाहीत.